वैतरणा परिसरातील ओस वास्तू : पाहणीची शिस्त आणि कायद्याची चौकट

त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा नदी पश्चिमेस वाहत येऊन अर्नाळ्याजवळ अरबी समुद्रास मिळते. तिच्या मुखापासून उत्तरेस डहाणूपर्यंतचा किनारा आणि पूर्वेकडील वनाच्छादित डोंगर यांवर जुने किल्ले, किनारी कोट, पाण्याची टाकी आणि पडकी बांधकामे विखुरलेली आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा या अवशेषांचा फार मोठा वारसा नव्या जिल्ह्याकडे आला.

या वास्तू ओस का पडल्या, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. किनाऱ्यावर येणारी-जाणारी गलबते आणि खाड्यांची मुखे यांवर नजर ठेवण्यासाठी केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी ठाण्यांची साखळीच तयार झाली. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली झालेल्या वसई मोहिमेत ही ठाणी एकामागून एक मराठ्यांकडे आली. तारापूरच्या लढाईत जानेवारी १७३९ मध्ये बाजी भीवराव रेठरेकर यांना वीरमरण आले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. पुढे इंग्रजी अमल आल्यावर या लहान ठाण्यांची लष्करी गरज संपली. पहारे उठले, छपरे गेली, तटावर वड-पिंपळ रुजले.

२०१३ साली मुंबईची उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत वाढली. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर ही स्थानके महानगरातील तरुणांच्या एका दिवसाच्या आवाक्यात आली. सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशवी घेतलेले तरुणांचे गट डोंगराच्या आणि समुद्राच्या वाटेने जाताना दिसतात. शाळांच्या सहलीही येतात. जुन्या वास्तूंविषयीचे हे कुतूहल स्वागतार्ह आहे. मात्र शिस्त नसेल तर ते पाहणाऱ्याच्या जिवावर बेतते, आणि कित्येकदा वास्तूच्याही. ती शिस्त कोणती, याचा विचार येथे केला आहे.

ओस म्हणजे बेवारस नव्हे

पडक्या जागेविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की, तिथे कोणी राहत नाही म्हणून ती कोणाचीच नाही. वस्तुतः जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणाच्या ना कोणाच्या नावावर असतो, आणि मालकी बदलली की नियमही बदलतात. एकट्या पालघर जिल्ह्यात याचे पाच प्रकार आढळतात.

पहिला प्रकार केंद्र शासनाने संरक्षित केलेल्या स्मारकांचा. वसईचा किल्ला आणि अर्नाळ्याचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहेत. दुसरा प्रकार राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीतील स्मारकांचा. तिसरा वनजमिनीवरील अवशेषांचा. डोंगरी किल्ल्यांना वेढणारे जंगल बहुतांशी वन विभागाच्या ताब्यात असते, त्यामुळे गडावर संरक्षित स्मारकाचा फलक नसला तरी गडाची वाट वनकायद्याच्या कक्षेतून जाते. चौथा प्रकार खासगी मालमत्तेचा. तारापूरच्या किल्ल्याचा तट रस्त्यावरून दिसतो, परंतु आतील जागा खासगी ताब्यात आहे आणि तिथे झाडांची लागवड आहे. तटाआड जाण्यापूर्वी मालकाची अथवा राखणदाराची परवानगी घेणे हे तेथे कायद्याचे आणि सौजन्याचेही पहिले पाऊल ठरते. पाचवा प्रकार ग्रामपंचायतीच्या, महसूल विभागाच्या किंवा एखाद्या प्रकल्पाच्या ताब्यातील जमिनीचा.

याखेरीज एक गोष्ट विसरून चालणार नाही. अनेक ‘ओस’ जागा मुळी ओस नसतातच. अर्नाळ्याच्या बेटावर कोळी बांधवांची नांदती वस्ती असून तिची स्वतंत्र ग्रामपंचायत आहे. किल्ल्याच्या आत त्र्यंबकेश्वराचे मंदिर आणि अष्टकोनी तळे आहे. बाहेरून येणाऱ्यास जे केवळ अवशेष वाटतात, ते गावकऱ्यांच्या नित्य व्यवहाराचे अंगण असते. डोंगरावरील एखादा शेंदूर लावलेला दगड पाड्याचा देव असतो. पालघर-मनोर मार्गावरील वाघोबा खिंडीत वाघोबाचे स्थान आहे. तेथे वारली व इतर आदिवासी बांधव पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला नमस्कार करून पुढे जातात. काळदुर्गाची वाट याच खिंडीतून निघते. तेव्हा गडावर चढणाऱ्याने पायथ्याच्या श्रद्धेचा मान राखणे हेही पाहणीच्या शिस्तीतच येते.

यावरून पहिला नियम सहज निघतो. जागा पाहण्यापूर्वी ती कोणाची आहे, हे विचारावे. सात-बारा उतारा, वनरक्षक, सरपंच आणि पोलीस पाटील या चार ठिकाणी चौकशी केली असता उत्तर बहुधा एका दिवसात मिळते.

कायद्याची चौकट

केंद्रीय संरक्षित स्मारकांना १९५८ चा प्राचीन स्मारके, पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम लागू होतो. स्मारकाची नासधूस करणे, त्यातील भाग काढून नेणे, त्यावर कोरणे वा लिहिणे, किंवा त्यास धोका पोहोचेल असे वर्तन करणे हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच दुरुस्तीने संरक्षित क्षेत्राभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित क्षेत्र ठरविले. या पट्ट्यात घर, दुकान वा शौचालय बांधू इच्छिणाऱ्या ग्रामस्थांना ग्रामपंचायतीने ही गोष्ट आधीच सांगितली, तर पुढचे अनेक तंटे टळतात. अशी स्मारके सर्वसाधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळातच खुली असतात. किल्ल्यात रात्री मुक्काम करणे किंवा चूल पेटविणे हे नियमाबाहेरचे आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम आहे.

वनक्षेत्रात १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू असतो. राखीव वनात विनापरवाना प्रवेश, आग लावणे, झाड तोडणे आणि दगड काढणे यांना मनाई आहे. वसई तालुक्यातील तुंगारेश्वर हे अभयारण्य असल्याने तेथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये प्रवेशावरही निर्बंध आहेत. गडावर पायऱ्या, निवारा वा पाण्याची टाकी बांधण्याचा ठराव ग्रामपंचायतीने सद्‌हेतूने केला, तरी वनजमिनीवर तो अमलात आणण्यापूर्वी १९८० च्या वन संरक्षण अधिनियमाखालील मंजुरीचा विचार करावा लागतो.

खासगी आवारात गैरहेतूने अथवा मालकास त्रास देण्यासाठी शिरणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३२९ खाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. कुंपण मोडलेले असणे किंवा दाराला कुलूप नसणे म्हणजे परवानगी नव्हे, हे तरुणांस स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

खणाखणी आणि उत्खनन

पडक्या वास्तूंचे सर्वाधिक नुकसान गुप्तधनाच्या शोधापायी होते. बुरुजाच्या पायाशी, देवळाच्या गाभाऱ्यात किंवा टाक्याच्या काठी रात्रीतून खड्डा खणला जातो. हाती काही लागत नाही, पण पाया उघडा पडतो आणि पुढच्या पावसात भिंत ढासळते.

अशा खड्ड्यात जे नष्ट होते त्याची किंमत कळण्यासाठी याच जिल्ह्यातील सोपाऱ्याचे उदाहरण पुरेसे आहे. नालासोपाऱ्याजवळील एक टेकाड लोकांत ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने परिचित होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले, तेव्हा ते टेकाड म्हणजे विटांचा बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. स्तूपाच्या मध्यभागी एक दगडी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ ब्राँझच्या मूर्ती होत्या. करंडकाच्या आत चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक एकात एक ठेवलेले होते. सोबत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले.

नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, तर मूर्ती त्यानंतर कित्येक शतकांनी घडविलेल्या. दोन्ही गोष्टी एकाच पेटीत सापडल्यामुळे, स्तूप एकदा बांधून झाल्यावर पुढील काळात पुन्हा उघडून त्यात मूर्ती ठेवल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष अभ्यासकांना काढता आला. कोणती वस्तू कोठे, कशाच्या शेजारी, कोणत्या थरात होती याची नोंद झाली म्हणूनच हे शक्य झाले. गुप्तधन शोधणाऱ्याच्या हाती हीच पेटी पडती, तर त्याने थोडेसे सोने उचलले असते आणि हा सारा इतिहास मातीत मिसळला असता. पंडितजींना मिळालेला हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जतन झाला. सोपाऱ्यातच १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा आणि १९५६ साली नवव्या शिलालेखाचा भाग मिळाला.

जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू कोणास सापडल्यास काय करावे, हे १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमात सांगितले आहे. वस्तूचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असल्यास सापडणाऱ्याने तिचे स्वरूप, ठिकाण आणि दिनांक जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. दडवून ठेवणाऱ्याचा त्यावरील हक्क जातो आणि त्यास शिक्षाही होऊ शकते. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्ये करणाऱ्यांविरुद्ध २०१३ चा जादूटोणाविरोधी अधिनियम आहे. नांगराच्या फाळाला नाणे, मूर्ती किंवा कोरीव दगड लागला, तर शेतकऱ्याने तो जागचा न हलविता सरपंचांना आणि तहसील कार्यालयास कळवावे. दगड हलविला की त्याचे ठिकाण हरवते, आणि ठिकाण हरवले की त्याचा अर्धा अर्थ नाहीसा होतो.

वनातील वाट

वैतरणेच्या खोऱ्यातील डोंगरी किल्ल्यांपैकी तांदूळवाडीचा किल्ला सफाळे स्थानकापासून जवळ आहे. माथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची अनेक टाकी असून तेथून वैतरणेची वळणे आणि पश्चिमेकडील समुद्र दिसतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचा अशेरीगड आणि पालघरजवळचा काळदुर्ग हे याच प्रकारचे गड होत. या तिन्ही ठिकाणी चढ दाट झाडीतून जातो. ढोरवाटा आणि लाकूडफाट्याच्या वाटा एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे वाट चुकण्याचा संभव मोठा. म्हणून पायथ्याच्या पाड्यातील एखादा जाणकार वाटाड्या सोबत घ्यावा आणि त्याचा योग्य मोबदला त्यास द्यावा. त्यामुळे गटाची सुरक्षितता साधते आणि पाड्यास थोडी मिळकतही होते.

गटाने आपली नावे, मार्ग आणि परतण्याची वेळ पायथ्याशी लिहून ठेवावी. सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी उतरण्यास सुरुवात करावी. बिबट्याचा वावर असलेल्या या जंगलात सायंकाळनंतर एकट्याने फिरणे किंवा लहान मुलांस मागे सोडणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आणि अचानक फुगणारे ओढे हे वन्य श्वापदांपेक्षाही घातक ठरतात. ओढ्यास पूर आला असल्यास तो ओसरेपर्यंत थांबणे हाच एकमेव उपाय होय. उन्हाळ्यात वाळलेल्या पाचोळ्यावर टाकलेली विडीची एक ठिणगी संपूर्ण उतार पेटवू शकते.

दगडांच्या फटीत आणि तटाच्या बिळांत घोणस, फुरसे, नाग, मण्यार यांचा आश्रय असतो. जेथे नजर पोहोचत नाही तेथे हात घालू नये आणि पाय ठेवू नये. सर्पदंश झाल्यास रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे स्थिर बांधावा, अंगठ्या व कडी काढावीत आणि विलंब न लावता शासकीय रुग्णालय गाठावे. जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळून बांधणे किंवा आधी भगताकडे नेणे यांत अमूल्य वेळ जातो. कमानीखाली किंवा कड्यावर आग्या मोहोळ दिसल्यास आवाज, धूर आणि उग्र अत्तर टाळून दुरूनच मागे फिरावे.

भरती-ओहोटीचे गणित

किनाऱ्यावरील अवशेषांच्या बाबतीत घड्याळापेक्षा समुद्राची वेळ महत्त्वाची. केळव्याचा पाणकोट याचे उत्तम उदाहरण आहे. ओहोटीच्या वेळी तेथे चालत जाता येते आणि भरतीत तो पाण्याने वेढला जातो. कोटात रमलेल्या पाहुण्यास पाणी वाढल्याचे ध्यानात येईपर्यंत परतीची वाट बुडालेली असते.

समुद्रास दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. एका भरतीनंतर दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. त्यामुळे आजच्या वेळेपेक्षा उद्याची भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा होते. कोकणपट्टीतील जुन्या हिशेबाप्रमाणे तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. त्यापूर्वी सुमारे सहा तास, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळ-सायंकाळ सहाच्या आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास.

मात्र वेळ सोयीची असली म्हणजे वाट मोकळी असतेच असे नाही. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आगेमागे उधाणाची भरती असते. त्या वेळी पाणी खूप चढते आणि ओहोटीत खूप मागेही सरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा चढ-उतार कमी असल्याने ओहोटीतही वाटेवर पाणी राहू शकते. अष्टमीची दुपारची ओहोटी सहलीस सोयीची वाटते, पण चालत जाण्यास ती अपुरी पडण्याचा संभव असतो. उलट तृतीया-चतुर्थीस सकाळची ओहोटी चांगली लागते, पण त्यानंतर पाणी वेगाने परत येते. पाणी ओसरत असतानाच निघावे आणि ओहोटी पूर्ण होताच परत फिरावे, हा सुरक्षित क्रम होय. जुना हिशेब केवळ अंदाजासाठी आहे. अंतिम निर्णय भरतीचे छापील वेळापत्रक पाहून आणि स्थानिक मच्छीमारास विचारूनच घ्यावा. अर्नाळ्यास जाताना होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसू नयेत, आणि पावसाळ्यात नावाड्याने नकार दिल्यास आग्रह धरू नये.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात सहलीस आलेले पुण्यातील १४ विद्यार्थी बुडाले. सहल काढणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही घटना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. समुद्र पाहणे हा सहलीचा भाग असू शकतो, समुद्रात उतरणे हा तिचा भाग असता कामा नये.

पडक्या वास्तूच्या आत

जुनी भिंत वरून भक्कम दिसली तरी तिच्या सांध्यांतील चुना पावसाने धुपलेला असतो. वड-पिंपळाची मुळे सांध्यात शिरून दगड विलग करतात. कमान तिच्या दगडांच्या परस्पर दाबावर उभी असते. एक दगड निसटला की उरलेले त्याच्यामागून येतात. म्हणून तटाच्या कडेवर चालणे, कमानीवर चढणे आणि छायाचित्रासाठी बुरुजाच्या तोंडाशी उभे राहणे टाळावे. गवताने झाकलेली विहीर किंवा टाके पावलाखाली येऊ शकते. त्यामुळे काठीने पुढची जमीन चाचपून पाऊल टाकावे.

भुयारे, बंद तळघरे आणि खोल कोरड्या विहिरी यांत उतरूच नये. कर्बवायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठतो, आणि प्राणवायूच्या अभावी माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. अशा दुर्घटनेत पहिल्यास वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही प्राणास मुकतो, असा दुर्दैवी अनुभव आहे. अशा वेळी आत न उतरता ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागावी. वनक्षेत्रातील अडचणीसाठी वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

श्रमदानाने गड साफ करणाऱ्या तरुणांचा उत्साह कौतुकास्पद आहे. तथापि तटात रुजलेले झाड मुळासकट उपटल्यास त्याच्याबरोबर तटही येतो. चुन्याच्या भिंतीस सिमेंट लावल्यास आत ओल कोंडते आणि दगड झिजतो. संरक्षित स्मारकात पुरातत्त्व विभागाच्या अनुमतीखेरीज अशी कामे करता येत नाहीत. कचरा उचलणे, वाटेवरील गवत काढणे, माहितीफलक स्वच्छ ठेवणे ही कामे मात्र संबंधित विभागास कळवून कोणत्याही गटास करता येतील.

जेथे जाऊ नये

काही ठिकाणी शिस्त याचा अर्थ न जाणे असाच होतो. वैतरणा आणि सफाळे या स्थानकांदरम्यान नदीवर रेल्वेचे पूल आहेत. मधल्या बेटावरील वाढीवच्या ग्रामस्थांना पर्यायी मार्गाअभावी वर्षानुवर्षे या पुलावरून जीव मुठीत धरून जावे लागले आहे. ग्रामस्थांची ती अपरिहार्यता होती. पाहुण्यांनी नदीच्या दृश्यासाठी किंवा वाट वाचविण्यासाठी पुलावर पाऊल ठेवणे याला तसा काहीच आधार नाही. पुलावर गाडी आल्यास बाजूला होण्यास जागा नसते. रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली दंडनीय आहे.

तारापूर अणुविद्युत केंद्र १९६९ साली कार्यान्वित झाले. पुढे तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांच्या उभारणीच्या वेळी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांतील कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. हा परिसर कडक सुरक्षेचा आहे. तेथे कुतूहलापोटी भटकणे, छायाचित्रे घेणे किंवा ड्रोन उडविणे गंभीर गुन्हा ठरू शकतो. या गावांविषयी जाणून घ्यावयाचे असल्यास नव्या वसाहतीत राहणाऱ्या वडीलधाऱ्यांशी बोलावे. गावाची हकीकत रिकाम्या जागेपेक्षा त्यांच्यापाशीच अधिक आहे.

बोईसरजवळील तारापूर औद्योगिक वसाहतीत बंद पडलेला कारखाना आढळल्यास त्यातही कोणी शिरू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत विषारी किंवा ज्वालाग्राही वायू असू शकतो, गंजलेला पत्रा पायाखाली तुटतो, आणि पिंपातील अवशेषाच्या स्पर्शानेही इजा होते. लोखंडी भंगारासाठी मुले अशा आवारात जात असल्याचे दिसल्यास ग्रामपंचायतीने औद्योगिक विकास महामंडळास आणि पोलिसांस तत्काळ कळवावे.

गावाच्या हाती काय आहे

११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी स्थापत्यातील १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील आहेत. पालघर जिल्ह्यातील एकही किल्ला त्यांत नाही. केळवे, शिरगाव, दातिवरे, भवानगड अशा लहान कोटांची काळजी घेण्यासाठी मोठा निधी आणि मोठी यंत्रणा नेहमीच उपलब्ध होईल, असे नाही. त्यांचे जतन प्रामुख्याने शेजारच्या गावांवर अवलंबून राहील. त्यासाठी गावाला अधिकारही आहेत. २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या कलम ५ अन्वये वनहक्कधारक आणि ग्रामसभा यांना वनाचे, तसेच आपल्या सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाचे विघातक कृतींपासून रक्षण करण्याचा अधिकार दिलेला आहे. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ च्या पेसा अधिनियमाचाही ग्रामसभेस आधार आहे.

ग्रामपंचायतीने हद्दीतील प्रत्येक जुन्या वास्तूची एक नोंदवही ठेवावी. वास्तूचे स्थानिक नाव, जमिनीचा गट क्रमांक, मालक किंवा ताबेदार विभाग, वाट, धोक्याच्या जागा आणि सध्याची स्थिती एवढी माहिती पुरेशी आहे. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, त्याच जागी उभे राहून वास्तूची छायाचित्रे घ्यावीत. कोणता बुरूज कोणत्या वर्षी ढासळला आणि कोठे नवा खड्डा पडला, हे त्यावरून स्पष्ट होईल, आणि पुरातत्त्व विभागाकडे जाणाऱ्या अर्जास पुराव्याचे बळ मिळेल. विहिरीभोवती कठडा, वाटेच्या तोंडाशी धोक्याचा फलक आणि वाटाड्यांची यादी या गोष्टी अल्प खर्चात होण्यासारख्या आहेत. त्यासाठी आधी जमिनीच्या ताबेदाराची संमती घ्यावी.

शाळांना या कामात मोठा वाटा उचलता येईल. एका वर्गाने आपल्या गावातील एकच जागा निवडावी. तिची लांबी-रुंदी कोरड्या जमिनीवरून मोजता येईल तेवढीच मोजावी, भिंतीचा दगड आणि चुना यांचे वर्णन लिहावे, जुन्या माणसांकडून नावांच्या आख्यायिका टिपाव्यात आणि त्या आख्यायिका इतिहासापासून वेगळ्या ठेवाव्यात. सोपाऱ्याच्या टेकाडास लोक बुरूड राजाचा कोट म्हणत होते आणि आत स्तूप निघाला, हे उदाहरण विद्यार्थ्यांस दोन्हींतील फरक समजण्यास उपयोगी पडेल. सहलीस निघण्यापूर्वी शिक्षकांनी स्वतः ती जागा एकदा पाहून यावे, पालकांची लेखी संमती घ्यावी आणि प्रत्येक दहा मुलांमागे एक जबाबदार प्रौढ ठेवावा.

महसूल, वन, पोलीस आणि पुरातत्त्व या विभागांच्या अधिकाऱ्यांनी येणाऱ्या प्रत्येकास अडविण्याची आवश्यकता नाही. परवानगी कोठे मिळते, कोण देते आणि किती दिवसांत देते, हे तहसील कार्यालयाच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर स्पष्ट लिहिले, तर चोरवाटेने जाणाऱ्यांची संख्या आपोआप घटेल. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. वैतरणेच्या काठी त्या कर्तव्याचा आरंभ नोंदवहीच्या पहिल्या पानापासून करता येईल. या पावसाळ्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेत तो विषय पत्रिकेवर घेण्यास कोणत्याही नव्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.